मका आला, चुना का नाही आला?

रानजाई

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज टंकतेय. भाच्याला (सातवीत आहे) कोलंबसाच्या सफरींबद्दल सांगत होते, म्हणजे मका, बटाटा, टोमॅटो, मिरची, कोको हे सगळं अमेरिका खंडातून जगभर कसं पसरलं वगैरे. ओघात त्याला मक्याची गोष्ट सांगितली. मेक्सिको आणि आसपासचे लोक तीनेक हजार वर्षांपासून मका चुना घातलेल्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, मग धुऊन सालपटं काढतात आणि ओला वाटतात. चुना नसेल तिथे लाकडाची राख. याला निक्स्तमाल म्हणतात. या खटाटोपामुळे मक्यातलं नायसिन (ब३ जीवनसत्त्व) अंगी लागतं, नाहीतर ते दाण्यात असं जखडलेलं असतं की पोटात जाऊनही उपयोग नाही. युरोपने मका नेला आणि हा खटाटोप नेला नाही. मग जिथे जिथे गरिबांचं पोट मक्यावरच भरायला लागलं तिथे पेलाग्रा आला. कातडी सोलवटते, जुलाब, मग भ्रम, मग मृत्यू. स्पेनमध्ये कासाल नावाच्या डॉक्टरने १७३५ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं, आणि नायसिनचा उलगडा झाला १९३७ मध्ये. मधली दोनशे वर्षं माणसं मरत होती.

हे ऐकून भाचा म्हणाला, "मावशी, जहाजात मका आणला तर त्यासोबत चुना का नाही आणला?"

मला उत्तर देता आलं नाही. चुना तर युरोपातही होताच की, घरं रंगवायला वापरायचे. मग फक्त "तो मक्यात घाला" एवढंच सांगायचं होतं ना कुणीतरी?

तर प्रश्न असा: एक समाज दुसऱ्याकडून काही घेतो तेव्हा मागे काय राहतं आणि का राहतं? खाणं, कल्पना, यंत्रं, काहीही चालेल. तुम्हाला माहीत असलेली उदाहरणं सांगा.

भिंगरी

वाचतेय. चुना न लावल्यामुळे फसगत झाल्याचं जगातलं एकमेव उदाहरण असावं हे :)

टिपकागद

धागा आवडला. पेलाग्रा फक्त युरोपपुरता नाही राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याची मोठी साथ होती, कापसाच्या शेतांवर राबणारी कुटुंबं, अनाथाश्रम, तुरुंग, मनोरुग्णालयं. म्हणजे ज्या खंडात मक्याची ही युक्ती निघाली त्याच खंडात. गोल्डबर्गर नावाच्या सरकारी डॉक्टरला १९१४ मध्ये कारण शोधायला पाठवलं. तो सांगत होता की हा जंतूंचा रोग नाही, खाण्यातल्या कमतरतेचा आहे, आणि लोक मानेनात. शेवटी त्याने, त्याच्या बायकोने आणि काही सहकाऱ्यांनी रोग्यांचं रक्त टोचून घेतलं, आणि बायको सोडून बाकीच्यांनी त्यांच्या त्वचेचे पापुद्रे, मल-मूत्र पिठात मिसळून गोळ्या करून गिळल्या. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. १९२९ मध्ये तो गेला, तोवर नेमकं कुठलं जीवनसत्त्व ते कळलेलं नव्हतं.

आणि हे फार जुनंही नाही. १९९० मध्ये मलावीत मोझांबिकच्या निर्वासितांना शिधा म्हणून मका मिळत होता, त्यातले शेंगदाणे बंद झाले आणि १८ हजारांहून जास्त लोकांना पेलाग्रा झाला. तेव्हा तर कारण सगळ्यांना ठाऊक होतं. हे वाचलं तेव्हा मला खरंच राग आला होता.

आडवाट

व्हॅनिला!! स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतून वेल आणली, युरोपातल्या काचघरांत वाढवली, बेटांवर नेऊन लावली, फुलं यायची पण शेंग धरायची नाही. कारण परागीभवन करणारी माशी मेक्सिकोच्या जंगलातच राहिली. तीनशे वर्षं असंच. १८३६ मध्ये बेल्जियमच्या एका वनस्पतीशास्त्रज्ञाने हाताने जमवलं पण ते शेतावर चालण्यासारखं नव्हतं. शेवटी १८४१ मध्ये रेयुनियाँ बेटावर एडमंड आल्बियुस नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने काडी आणि अंगठा वापरून फुलातला पडदा उचलून पराग लावायची पद्धत काढली. आज मादागास्करला जगातली सर्वाधिक व्हॅनिला पिकते ती अजूनही याच पद्धतीने, एकेक फूल हाताने. तो मुलगा १८४८ मध्ये मुक्त झाला आणि १८८० मध्ये दारिद्र्यात गेला.

तेव्हा रानजाई, मागे नुसतं ज्ञानच राहतं असं नाही, कधी कधी माशी पण राहते.

रानजाई

@आडवाट, हे माहीत नव्हतं. १२ वर्षांचा मुलगा... भाच्याच्याच वयाचा की.

जुनी वही

बटाट्याचं तर उलटं झालं. अँडीज पर्वतात बटाट्याच्या हजारो जाती, एकाच कुटुंबाच्या शेतात कित्येक, एक गेली तरी दुसरी तगणार. युरोपात त्यातल्या मूठभर आल्या. आयर्लंडमध्ये गरिबांचं जगणं मुख्यतः लंपर या एका जातीवर येऊन ठेपलं. १८४५ मध्ये करपा आला आणि शेतंच्या शेतं सडली. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. वाईट गोष्ट म्हणजे तो करपाही अमेरिका खंडातूनच आलेला. म्हणजे पीक आलं, त्याचं वैविध्य मागे राहिलं आणि रोग मात्र मागून बरोबर पत्ता शोधत आला.

(दुष्काळात धान्य आयर्लंडबाहेर निर्यात होत होतं, राज्यकर्त्यांचं धोरण हा त्या मृत्यूंचा मोठा भाग आहे, सगळा दोष बटाट्यावर टाकू नये हे माझं ठाम मत.)

खडूफळा

सगळं वाचलं. पण धाग्याचा सूर थोडा एकाच बाजूला चाललाय असं वाटलं म्हणून लिहितो. मागे राहणं म्हणजे नुकसानच असं धरून का चालायचं? मला तर वाटतं की बऱ्याचदा काहीतरी मागे राहिलं म्हणूनच पुढे नवीन सुचलं.

कागद घ्या. चीनमध्ये तुतीची साल, ताग, चिंध्या, जुनी जाळी असं वापरून कागद व्हायचा. मध्य आशियात समरकंदला ही कला पोचली तेव्हा तिथे लिननच्या (जवसाच्या धाग्याच्या कापडाच्या) चिंध्या जास्त हाताशी होत्या, मग तोच मुख्य कच्चा माल झाला. पुढे बगदाद, मग स्पेन, मग इटलीतलं फाब्रियानो गाव. वाटेत कागदाला खळ लावायची ती पिठाची. युरोपच्या दमट हवेत ती खळ कुजायची, कीड लागायची. फाब्रियानोच्या कारागिरांनी तेराव्या शतकात जनावरांच्या कातड्याचा सरस लावायला सुरुवात केली, चिंध्या कुटायला पाणचक्कीवर चालणारे हातोडे बसवले, आणि तारेची नक्षी साच्यात घालून जलचिन्हाची युक्ती काढली. चीनचा कारागीर तिथे असता तर त्याने आपली पद्धत शिकवली असती आणि काम भागलं असतं. तो नव्हता म्हणून हे झालं.

दुसरं, केचप. दक्षिण चीन आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यावर आंबवलेल्या माशांच्या रसाला त्यासारखं नाव होतं. इंग्रज व्यापाऱ्यांनी नाव आणि चव डोक्यात घेऊन परत जाऊन अळंबीचं केलं, अक्रोडाचं केलं, एकोणिसाव्या शतकात टोमॅटोचं. नाव आलं आणि आख्खा माल वाटेत उतरला! यात कुणाचं काय बिघडलं?

ओवी

खडूफळा सर, माशांचं बिघडलं नाही हे नक्की.

पण तुमच्या उदाहरणात आणि मक्यात फरक आहे ना. कागदाची खळ कुजली की डोळ्याला दिसते. चूक लगेच कळते, म्हणून दुरुस्ती सुचते. मका खाल्ला की त्या दिवशी पोट भरतं, त्रास व्हायला महिने लागतात आणि तोही फक्त गरिबालाच होतो, कारण बाकीच्यांच्या ताटात दूध मांस आहे. मग दुरुस्ती करणार कोण?

खडूफळा

मान्य. हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

गोगलगाय

नूडल्सबद्दल कुणी कसं बोललं नाही? मार्को पोलोने चीनमधून इटलीत नेल्या ना.

टिपकागद

@गोगलगाय, नाही हो, ही दंतकथा आहे. मार्को पोलो १२९५ मध्ये परतला. अल-इद्रिसी या भूगोलकाराने ११५४ मध्येच लिहून ठेवलंय की सिसिलीत पालेर्मोजवळ त्राबियाला इत्रिया नावाचा शेवयांसारखा सुका पदार्थ भरपूर बनतो आणि जहाजं भरभरून बाहेर जातो. तिकडे तो अरबांकडून आला असावा. खरं तर कणीक मळून लांब ओढणं हे दोनचार ठिकाणी आपापलं सुचू शकतं, प्रत्येक गोष्टीला एक जहाज आणि एक कोलंबस लागतोच असं नाही.

भिंगरी

अवांतर: टर्की पक्ष्याची नावं बघा. पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेचा. इंग्रज त्याला टर्की म्हणतात, तुर्कस्तानात त्याला हिंदी म्हणतात, फ्रेंच नावाचा अर्थ भारतातली, डच नावात कालिकत आहे आणि पोर्तुगीज म्हणतात पेरू. सगळ्यांनी शेजाऱ्याकडे बोट दाखवलं आणि एकाचंही बरोबर नाही. पक्ष्याला विचारायला हवं होतं.

आडवाट

हा हा, भारी. आपलंही तेच की, मिऱ्यासारखी तिखट म्हणून मिरची. कोलंबसपण मिरीच शोधत होता, मिळाली मिरची, स्पॅनिशमध्येही मिरीवरूनच नाव दिलं. माल नवीन, लेबल जुनं.

अक्षरवेडा

नावावरून आठवलं. ० ते ९ या अंकांना अरब लोक हिंदी अंक म्हणायचे, युरोपीय अरबी अंक म्हणतात. ज्याच्या हातून मिळालं त्याचं नाव. शून्याचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये मांडले, बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने नवव्या शतकात त्या अंकांनी आकडेमोड कशी करायची यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाच्या लॅटिन रूपावरून अल्गोरिदम शब्द आला. शून्य म्हणजे रिकामं, त्याचं अरबीत सिफ्र, त्यावरून झिरो आणि सायफर दोन्ही. एक शब्द दोन दारांनी शिरला, एक आकडा झाला आणि एक गुप्त लिपी.

पण मला सांगायचं होतं ते फिबोनाची या इटालियन गणितज्ञाचं. त्याचे वडील उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांचं जकातीचं काम बघायचे. त्यांनी पोराला तिथे बोलावून हिशेब शिकायला बसवलं. पुढे इजिप्त, सीरिया, सिसिली फिरताना तो तिथल्या जाणकारांशी वाद घालत शिकला. १२०२ च्या त्याच्या पुस्तकात हे नऊ आकडे भारतीयांचे आहेत असं स्वच्छ लिहिलंय. आणि पुस्तकभर नुसते आकडे नाहीत, ते वापरून नाणी कशी बदलायची, भागीदारीत नफा कसा वाटायचा, मालाची अदलाबदल कशी करायची असं सगळं आहे. म्हणजे इथे पद्धत मागे राहिली नाही, पूर्णच्या पूर्ण आली. का? कारण तो शिकायला गेला होता.

तरी १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने वहीत हे अंक लिहायला मनाई केलीच, ० चा ६ नाहीतर ९ सहज करता येतो, रक्कम अक्षरी लिहा म्हणून. चेकवर अक्षरी रक्कम आजही लिहितो आपण.

ओवी

शिकायला गेला होता, हे महत्त्वाचं. अक्षरवेडा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

याच्या विरुद्ध टोकाचं एक उदाहरण: सेक्वोया. अमेरिकेतल्या चेरोकी या मूळ जमातीतला चांदीचं काम करणारा माणूस, इंग्रजी वाचता येत नव्हतं. गोरे लोक कागदावर खुणा करतात आणि दुसरा ते बघून बोलतो, एवढंच त्याने पाहिलं. घेतलं ते फक्त "असं करता येतं" इतकंच. आधी प्रत्येक शब्दाला एक चिन्ह करायला गेला, ते आवरेना, मग आवाज मोजायला लागला. साधारण १२ वर्षं खपून १८२१ मध्ये ८५ च्या आसपास चिन्हांची लिपी पुरी केली, पहिली विद्यार्थिनी त्याची लहान मुलगी. काही अक्षरं रोमन दिसतात पण उच्चार पार वेगळे. काही वर्षांत चेरोकी लोक भराभर वाचायला शिकले आणि १८२८ मध्ये त्यांचं वर्तमानपत्रही निघालं.

इथे तर सगळंच मागे राहिलं होतं, नुसता एक कवडसा आला. आणि तो पुरला. मला हे आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

खडूफळा

बघा, म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो :)

जुनी वही

देवीच्या टोचणीत अजून तिसराच प्रकार झाला, घेतलं आणि वर आपलं घुसडलं. इस्तंबूलमध्ये म्हाताऱ्या बायका सुईने छोटासा ओरखडा काढून देवीच्या फोडातला द्रव लावायच्या. लेडी मेरी माँटेग्यू तिथे इंग्रज राजदूताची बायको म्हणून होती, तिने मुलाला टोचून घेतलं आणि १७२१ मध्ये लंडनमध्ये मुलीलाही. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये साथ आली. तिथल्या कॉटन मॅदर या पाद्र्याला ओनेसिमस नावाच्या त्याच्या आफ्रिकी गुलामाने आधीच सांगितलेलं की आमच्याकडे असं करतात, हा बघा माझ्या हातावरचा व्रण. त्या भरवशावर बॉइल्स्टन या डॉक्टरने दोनशेहून अधिक जणांना टोचलं, त्यातले दोन-अडीच टक्के दगावले, नुसत्या साथीने आजारी पडलेल्यांत हेच प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होतं.

पण इंग्लंडमधल्या डॉक्टरांना म्हाताऱ्या बायकांचा ओरखडा फार साधा वाटला. त्यांनी खोल कापायला सुरुवात केली, आधी कित्येक दिवस उपाशी ठेवणं, रक्त काढणं, जुलाब देणं असा सगळा लवाजमा जोडला. पुढे देवीची लस काढणाऱ्या जेन्नरला लहानपणी हेच सगळं सोसावं लागलं होतं. साध्या ओरखड्यावर परत यायला १७६० च्या दशकापर्यंत थांबावं लागलं. बायकांची पद्धत जशीच्या तशी घ्यायला कमीपणा वाटला असणार, दुसरं कारण मला दिसत नाही.

आडवाट

+१. आणि या उलट जिथे पैसा दिसत होता तिथे बरोबर माणसंही उचलून आणली. ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यूनला १८४८ मध्ये चीनला पाठवलं, तो वेषांतर करून आत शिरला, चहाची रोपं आणि बिया आणल्याच, शिवाय चहा बनवणारे चिनी कारागीर आणि त्यांची अवजारंपण आणली. कंपनीला पक्कं ठाऊक होतं की नुसतं रोप आणून चहा होत नाही. तेव्हा "कळलं नाही" ही सबब सगळ्यांना लागू नाही.

गोगलगाय

मग मूळ प्रश्नाचं उत्तर काय ठरलं? चुना का नाही आणला?

टिपकागद

एक कारण सांगतात ते असं. चुन्यात उकळण्याचा डोळ्यांना दिसणारा फायदा म्हणजे टणक साल सुटते आणि दाणा मऊ पडतो, पाट्यावर वाटता येतो. युरोपात गव्हासाठी पाणचक्क्या, पवनचक्क्या आधीच होत्या. सुका मका तिथे आरामात दळला जायचा. मग भिजवायची गरजच काय वाटणार? नायसिनचा फायदा मेक्सिकोतल्या लोकांनाही ठाऊक नव्हता, त्यांना एवढंच माहीत होतं की मका असाच करायचा असतो.

रानजाई

हे पटलं! भाच्याला आज फोनवर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जिथे चक्की नव्हती तिथे तरी चुना गेला का?" :( आता बोला.

जुनी वही

हुशार आहे पोरगा. आफ्रिकेत पोर्तुगीजांबरोबर मका गेला, तिथे कित्येक भागांत तो उखळ-मुसळाने कुटायचे, चक्की नव्हती, आणि चुन्याची पद्धत तिथेही गेली नाही. म्हणजे टिपकागद यांचं कारण युरोपपुरतं ठीक, पण सगळं नाही.

कसाव्हाचंही (ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो) तसंच. ब्राझीलमधून आफ्रिकेत गेला. कडू कसाव्हात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, ते काढायला किसणं, पिळणं, भिजवणं, आंबवणं लागतं. ब्राझीलच्या मूळ लोकांकडे त्याची पूर्ण रीत होती. आफ्रिकेत लोकांनी भिजवण्या-आंबवण्याच्या आपल्या रीती बसवल्या आणि त्या उत्तम चालतात, पण दुष्काळात नाहीतर युद्धात घाईघाईने कमी भिजवलं की काँगोत, मोझांबिकमध्ये कोंझो होतो, पाय कायमचे लुळे पडतात, आणि जास्त करून बायका आणि लहान मुलांचे.

ओवी

मला वाटतं ओनेसिमस, त्या म्हाताऱ्या बायका, फिबोनाची, फॉर्च्यूनचे कारागीर, या सगळ्यांत उत्तर वर येऊन गेलंय. जिथे करणारा माणूस स्वतः आला किंवा घेणारा त्याच्याशेजारी जाऊन बसला तिथे रीत आली. मका जहाजावर चढवला तो खलाशांनी, शिपायांनी, व्यापाऱ्यांनी. त्यांनी तो शिजलेला खाल्ला होता, शिजवला नव्हता. चुन्याचं पाणी किती दाट करायचं, दाणा कधी उतरवायचा, साल बोटांत चोळून सुटली की नाही कसं बघायचं, हे ज्यांना येत होतं त्या बायका मेताते नावाच्या दगडी पाट्यासमोर गुडघ्यांवर बसून रोज तासन् तास वाटत होत्या. त्यांना कुणी जहाजावर घेतलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

खडूफळा

ओवी, हे वाचून झाल्यावर मी पाच मिनिटं तसाच बसलो होतो. वर कागदाच्या उदाहरणात मी "चिनी कारागीर नव्हता म्हणून नवं सुचलं" म्हणालो, ते मागे घेत नाही, पण मक्याला ते लावणार नाही.

रानजाई

ओवी, टिपकागद, जुनी वही, मनापासून आभार. भाच्याला दोन्ही कारणं सांगते, चक्कीचं आणि पाट्यावरच्या बायकांचं. शनिवारी येतोय तो. चुना कुठला चालतो ते वाचून ठेवलंय, खाण्याचाच हवा, रंगाचा नाही. अर्धा किलो मका आणलाय, रात्री भिजत घालून सकाळी दोघं मिळून चोळून बघणार आहोत साल सुटते का. इथे कुणी केलं असेल तर चुन्याचं प्रमाण सांगा.

भिंगरी

मी केलंय! मक्याच्या वजनाच्या साधारण एक टक्का चुना, म्हणजे अर्ध्या किलोला पाच ग्रॅम. पाणी दाण्यांच्या वर चार बोटं. अॅल्युमिनियमचं भांडं नको, स्टीलचं घ्या. अर्धा-पाऊण तास मंद आचेवर, मग झाकून ठेवा. दाणे पिवळेधमक होतील आणि वास बदलेल, तो वास आला की जमलं समजा. चोळताना हातमोजे घाला पोराला, चुना झोंबतो. तीनचार पाण्यांनी धुवा. फोटो टाका.

रानजाई

टाकते, रविवारी.